खडू, फळा आणि ओंजळभर चिंचोके : इंग्रजीच्या तासाचे बिनतयारीचे खेळ

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही मराठवाड्यातल्या खेड्यांत ती लेकरांसाठी परकी भाषाच राहिली आहे. घरात कानावर पडत नाही, गल्लीत पडत नाही, बाजारात पडत नाही. तांड्यावरच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी, काहींची दखनी. त्यांना मराठीच दुसरी आणि इंग्रजी तिसरी. इंग्रजी बोलायला दिवसभरात जागा मिळते ती वर्गातल्या एका तासाची.

आता हिशेब मांडा. वर्गात चाळीस लेकरं आणि 35 मिनिटांचा तास. एकेकाला उभं करून बोलतं करायचं म्हटलं, तर सगळा तास घालूनही एकाच्या वाट्याला पुरतं एक मिनिट येत नाही. म्हणून खेळ निवडताना कसोटी एकच लावायची : पाच मिनिटांत एका लेकराच्या तोंडून किती वाक्यं निघतात? जोडीनं खेळायच्या खेळात ती पंधरा-वीस सहज होतात. फळ्यासमोर दोन संघ उभे करून खेळलेल्या खेळात एखादंच होतं, आणि मागच्या पट्टीवर बसलेल्याचं तेही होत नाही.

दुसरी गोष्ट तयारीची. रंगीत कार्डं कापा, लॅमिनेशन करा, चित्रं डकवा असले खेळ प्रशिक्षणात छान दिसतात. पण ज्या शाळेत दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग आहेत, पोषण आहाराची नोंद आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, तिथं ते पंधरा दिवसांत मागे पडतात. खाली दिलेल्या एकाही खेळाला पाच मिनिटांपेक्षा जास्त तयारी लागत नाही. साहित्य म्हणजे खडू, फळा, वहीचा कागद आणि चिंचोके.

आधी वाक्य, मग खेळ

खेळ फसतो तो बहुतेक वेळा इथंच. गुरुजी नियम समजावतात, लेकरं उत्साहानं सुरू होतात आणि दोन मिनिटांत सगळा वर्ग मराठीत खेळायला लागतो. लेकरं मुद्दाम तसं करत नाहीत. त्या क्षणी जे बोलायची गरज आहे, त्याचं इंग्रजी त्यांच्याजवळ नसतं.

म्हणून खेळ सुरू करण्याआधी त्या खेळात लागणारं नेमकं बोलणं ठरवा. एक प्रश्न, एक उत्तर आणि दोन-तीन वाक्यं खेळ पुढं ढकलणारी : 'युअर टर्न', 'माय टर्न', 'अगेन, प्लीज', 'नो, राँग'. ही फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेली राहू द्या. खेळाचं मुख्य वाक्य फळ्याच्या मधोमध लिहा, सगळ्यांकडून तीनदा म्हणून घ्या आणि एका हुशार लेकराबरोबर सगळ्यांसमोर एक डाव खेळून दाखवा. नियम तोंडी सांगण्यात पाच मिनिटं जातात, खेळून दाखवायला एक मिनिट पुरतं. शंका राहिली तर नियम मराठीतच सांगा. त्यात काही बिघडत नाही, खेळ मात्र इंग्रजीत व्हायला हवा.

आणखी एक परीक्षा घ्या. हा खेळ तोंड न उघडता जिंकता येईल का? येत असेल, तर तो दमाचा किंवा नजरेचा खेळ झाला. फळ्यावरच्या शब्दाकडे पळत जाऊन हात मारायचा खेळ तसाच आहे. लेकरांना तो फार आवडतो, पण बोलतात एकटे गुरुजीच. त्यात एवढाच बदल करा : हात मारल्यावर त्या शब्दाचं पूर्ण वाक्य बोललं तरच गुण.

चिमणी उड, कावळा उड

हा खेळ शिकवावा लागत नाही, म्हणून सुरुवात यानेच करावी. बोट जमिनीवर टेकवून गोलात बसायचं, उडणाऱ्याचं नाव आलं की बोट वर, न उडणाऱ्याचं आलं की बोट खाली. 'म्हैस उड' म्हटल्यावर बोट उचललं तो फसला. नियम तेच ठेवा, फक्त बोलणं बदला.

गुरुजी म्हणतात, 'अ क्रो कॅन फ्लाय.' लेकरं बोट उचलतात आणि म्हणतात, 'येस, इट कॅन.' गुरुजी म्हणतात, 'अ बफेलो कॅन फ्लाय.' बोट खालीच ठेवून लेकरं म्हणतात, 'नो, इट कान्ट.' बोट आणि वाक्य दोन्ही बरोबर आलं तरच ते बरोबर.

एका डावाला दहा-बारा नावं पुरेत आणि ती आधी मनात जुळवून घ्या. क्रो, पॅरट, गोट, पिजन, डॉग, बॅट, काऊ, पीकॉक, हेन, बटरफ्लाय, काइट, स्नेक असा क्रम चांगला चालतो. सुरुवातीची सोपी नावं वेग देतात. बॅटला थोडा गोंधळ होतो, कारण लेकरांच्या डोक्यात क्रिकेटची बॅट येते. तिथं हातानं पंख दाखवा. पीकॉकवर हमखास वाद होतो. अर्धा वर्ग म्हणतो मोर उडत नाही, आणि शेतातून आलेली दोन-चार लेकरं ठासून सांगतात की झाडावर जाऊन बसतो. तीच बरोबर आहेत. कोंबडीवर 'अ लिटल' हा शब्द द्यायची छान संधी मिळते : 'इट कॅन फ्लाय अ लिटल.' गुरुजींनी धडा म्हणून सांगितलेला शब्द विसरला जाईल, वादात कामी आलेला विसरला जात नाही.

दोन दिवसांनी क्रियापद बदला : स्विम, क्लाइंब, जंप. 'अ बफेलो कॅन स्विम' म्हटल्यावर सगळ्यांची बोटं एकदम वर जातात. मग खेळवायचं काम लेकरांकडे द्या आणि चार-पाच जणांचे गोल करा. खरं बोलणं इथून सुरू होतं, कारण आता प्रत्येक गोलात एक जण सतत वाक्यं तयार करत असतो. पाच नावं झाली की खेळवणारा बदलायचा.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे लेकरं शेजाऱ्याचं बोट पाहून आपलं उचलतात. तिसऱ्या फेरीपासून डोळे मिटायला सांगा, लगेच कळतं कुणाला समजलंय. दुसरी जास्त महत्त्वाची. मूळ खेळात फसलेला बाद होतो. वर्गात असं बाद करू नका, कारण आधी बाद होतं ते सगळ्यात कच्चं लेकरू. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा, तेच बाहेर बसून बघत राहतं. बाद करण्याऐवजी फसलेल्यानं पुढचं नाव सांगायचं, हा नियम ठेवा. शिक्षाही होत नाही आणि बोलणं वाढतं.

'कॅन' आणि 'कान्ट' यांतला फरक आपल्याकडे स्वरातून ऐकू येतो, शेवटचा 'ट' घाईत गिळला जातो. म्हणून 'कान्ट'मधला 'आ' लांबवून म्हणायची सवय लावा.

एकी का बेकी

उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचा फोडायचं काम घरोघरी निघतं तेव्हा शाळेत चिंचोके मागवून ठेवा. प्रत्येकी दहा या हिशेबानं चाळीस लेकरांना चारशे लागतात. अर्धा किलो आणले तर पुरून उरतात. धुऊन, खडखडीत वाळवून बंद डब्यात ठेवले की वर्षभर चालतात. पहिलीतली लेकरं ते नाकात-तोंडात घालतात, त्यांना सुपारीएवढे मोठे खडे द्या.

समोरासमोर जोड्या बसवा. एक जण मुठीत काही चिंचोके लपवून मूठ पुढं करतो आणि विचारतो, 'ऑड ऑर ईव्हन?' दुसरा सांगतो, 'ऑड.' मूठ उघडायची आणि दोघांनी मोठ्यानं मोजायचं : 'वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह. इट इज ऑड.' अंदाज बरोबर आला तर मुठीतले सगळे त्याचे, चुकला तर त्यानं एक द्यायचा. मग पाळी बदलते.

मुठीत जास्तीत जास्त सहाच, असं बंधन घाला. नाहीतर एखादा पहिल्याच डावात दहाही चिंचोके मुठीत धरतो, समोरच्याचा अंदाज लागतो आणि त्याचा खेळ तिथंच संपतो. एखाद्याजवळ काहीच उरलं नाही तर त्यानं समोरच्याकडे मागायचं : 'गिव्ह मी टू, प्लीज.' समोरच्यानं द्यायलाच हवेत, पण वाक्य बरोबर आलं तरच.

आठवडाभरानं प्रश्न बदला : 'हाऊ मेनी?' उत्तर 'यू हॅव फोर.' आणि मूठ उघडणारा म्हणतो, 'नो, आय हॅव सिक्स.' हे 'हॅव' पक्कं व्हावं म्हणून हा खेळ मनापासून खेळावा. मराठीत आपण 'माझ्याकडे सहा आहेत', 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो. 'आहे' हे क्रियापद डोक्यात घट्ट बसलेलं असल्यानं लेकरं 'आय अ‍ॅम टू ब्रदर' किंवा 'आय अ‍ॅम हॅव' म्हणतात. व्याकरणाचा नियम दहा वेळा सांगून ही चूक जात नाही. चिंचोके हातात धरून 'आय हॅव सिक्स' हे वाक्य एका बैठकीत वीस वेळा तोंडातून गेलं की हळूहळू जाते. नंतर चिंचोके बाजूला ठेवून 'आय हॅव टू ब्रदर्स', 'वुई हॅव वन काऊ' इथपर्यंत न्या.

वीस जोड्या एकदम बोलायला लागल्या की आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला त्रास होऊ नये म्हणून 'फक्त समोरच्याला ऐकू जाईल एवढंच' हा आवाज आधी करून दाखवा. थांबवायची खूणही ठरलेली असू द्या : गुरुजींचा हात वर, ज्याला दिसला त्याचाही हात वर आणि तोंड बंद. चार-पाच दिवस नेटानं पाळलं की दहा सेकंदांत वर्ग शांत होतो. टेबलावर छडी आपटून किंवा ओरडून थांबवलं तर दर वेळी आणखी मोठ्यानं ओरडावं लागतं.

तेरा का तीस

आकड्यांचं आलंच आहे तर इथंच एक छोटा खेळ. मराठीत आपण एकक आधी बोलतो, 'पंच-वीस'. इंग्रजीत दशक आधी, 'ट्वेंटी-फाइव्ह'. म्हणून लेकरं ऐकून 25 ऐवजी 52 लिहितात. (2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, तो याच उलटसुलट क्रमाचा.) त्यातच 'थर्टीन' आणि 'थर्टी' कानाला सारखे वाटतात.

फळ्यावर जोड्यांनी आकडे लिहा : 13-30, 14-40, 15-50, 25-52, 36-63. गुरुजी एक आकडा बोलतील. डावीकडचा असेल तर डावा हात, उजवीकडचा असेल तर उजवा. 'थर्टीन'मध्ये जोर शेवटच्या भागावर आणि 'टीन' लांब. 'थर्टी'त जोर सुरुवातीला आणि 'टी' आखूड. बोलताना हा फरक जरा वाढवूनच करा. दहा आकड्यांनंतर जोड्या करून लेकरांनीच एकमेकांना सांगायचं.

याच पद्धतीनं उच्चारांचे इतर जोडशब्द घेता येतात : शिप-शीप, पेन-पॅन, बेग-बॅग. व्हाइन आणि वाइन हा फरक मराठी तोंडाला सगळ्यात जड जातो, कारण आपल्या एकाच 'व'मध्ये दोन्ही मावतात. त्यासाठी खूण सोपी आहे. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात शिटी मारल्यासारखा ओठांचा चंबू होतो. जोडीनं एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलायला लावा. पाचवीच्या खाली यात फार वेळ घालवू नये.

पुसत जाणारं संभाषण

एकाच खेळाला वर्षभर जागा द्यायची असेल तर ती याला द्यावी. काही लागत नाही आणि वाक्यं मात्र पाठच होऊन जातात. फळ्यावर चार ओळींचं संभाषण लिहा :

व्हेअर आर यू गोइंग?
आय अ‍ॅम गोइंग टू परळी.
हाऊ आर यू गोइंग?
आय अ‍ॅम गोइंग बाय बस.

वर्गाचे दोन भाग करा. एक विचारेल, दुसरा उत्तर देईल. एकदा म्हणून झालं की दोन शब्द पुसा आणि पुसलेल्या जागी शब्दाएवढी आडवी रेघ मारा. पुन्हा म्हणा. पुन्हा दोन पुसा. नऊ फेऱ्यांत फळ्यावर फक्त रेघा उरतात आणि वर्ग रेघांकडे बघून पूर्ण संभाषण म्हणत असतो. बाहेरून कुणी आलं तर त्याला कळत नाही की लेकरं काय वाचतायत.

पुसायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी परळी, बस, व्हेअर, हाऊ असे मोठे शब्द पुसा, ते अर्थावरून आठवतात. आर, अ‍ॅम, टू, बाय हे छोटे शब्द शेवटपर्यंत फळ्यावर राहू द्या. मराठीत 'परळीला', 'बसनं' असं शब्दालाच प्रत्यय लावून काम भागतं, त्यामुळे हे सुटे शब्द लेकरांना दिसतच नाहीत आणि 'आय गोइंग परळी' तयार होतं. जे सगळ्यात जास्त वेळा डोळ्यांखालून जायला हवं ते शेवटी पुसायचं. रेघ मारायचा कंटाळा करू नका. शब्द गाळला तर एक रेघ मोकळी राहते आणि लेकरू स्वतःच अडखळतं.

सगळ्या वर्गानं एकत्र म्हटलं की दोन-तीन जण पुढं धावतात आणि बाकीचे नुसते ओठ हलवतात. म्हणून दर फेरीला म्हणणारे बदला : या पट्टीवरचे, त्या पट्टीवरचे, खिडकीजवळचे, मग जोडीत कुजबुजत. शेवटच्या फेरीनंतर वहीत न बघता लिहून घ्या. नंतर जोड्यांनी ठिकाण आणि वाहन बदलून तेच संभाषण नव्यानं करायचं : तुळजापूर, औंढा, नांदेड, बाय ट्रेन, बाय जीप, ऑन फूट. 'ऑन फूट'ला 'बाय' लागत नाही हे तिथल्या तिथं सांगून मोकळं व्हा.

नऊ घरांचा बिंगो

हाउजी माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. फळ्यावर पंधरा शब्द लिहा. प्रत्येकानं वहीत तीन बाय तीनची नऊ घरं आखून मनानं नऊ शब्द भरायचे. गुरुजी शब्द सांगतील, तो असेल तर खूण.

इथं एक चूक सगळीकडे होते. 'एक ओळ पूर्ण झाली की जिंकला' असा नियम ठेवला तर तीस-चाळीस जणांच्या वर्गात चौथ्या-पाचव्या शब्दालाच कुणीतरी 'बिंगो' ओरडतं. नऊही घरं भरायची अट घातली की खेळ साधारण बाराव्या शब्दापर्यंत जातो आणि जवळपास सगळे शब्द कानावर पडतात. शब्द नुसता सांगू नका, वाक्यातून सांगा : 'इट गिव्ह्ज अस मिल्क', 'वुई सिट ऑन इट'. काऊ आणि चेअर लेकरांनी ओळखायचं. जिंकणाऱ्यानं आपल्या नवांपैकी तीन शब्दांची वाक्यं केली तरच त्याची जीत पक्की. तरीही हा ऐकण्याचाच खेळ आहे. आठवड्यातून एकदा पुरे.

शब्दांची अंताक्षरी त्याहून कमी घ्या. वस्तूंच्या नावांत ई या अक्षरावर संपणारे शब्द ढिगानं आहेत आणि त्या अक्षरानं सुरू होणारे लेकरांना एलिफंट, एग, इअर, आय एवढेच येतात. दहा मिनिटांत खेळ अडतो. घ्यायचीच असेल तर चौघांच्या गटात, शेवटचं अक्षर अडलं तर त्याच्या आधीचं अक्षर चालेल, या सवलतीनं.

धावतं श्रुतलेखन

चौथीच्या पुढं हा खेळ फार चांगला. वहीच्या पानावर पाच-सहा ओळी मोठ्या अक्षरात लिहा आणि पान व्हरांड्यातल्या भिंतीला चिकटवा. मोठ्या वर्गाला अशी तीन-चार पानं, नाहीतर एकाच पानाभोवती झुंबड उडते. प्रत्येक जोडीत एक धावणारा, एक लिहिणारा. धावणाऱ्यानं बाहेर जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं, आत येऊन सांगायचं. लिहिणाऱ्यानं जागा सोडायची नाही. निम्मा मजकूर झाला की भूमिका बदलायची.

मजकूर ओळखीचा घ्या. उदाहरणार्थ : 'वेरूळ इज निअर खुलताबाद. देअर आर थर्टी फोर केव्हज. केव्ह नंबर सिक्स्टीन इज द कैलास टेंपल. पीपल कट इट फ्रॉम वन रॉक. दे स्टार्टेड अ‍ॅट द टॉप.' खोदकाम वरून खाली झालं हे कळल्यावर लेकरं थबकतात, आणि मग 'हाऊ?' हा प्रश्न आपणहून येतो.

धावणारा तीन हमखास चलाख्या करतो : दारातूनच ओरडतो, तळहातावर लिहून आणतो किंवा लिहिणाऱ्याची पेन्सिल हिसकावून स्वतःच लिहितो. तिन्ही आधीच बंद करा. स्पेलिंग अडलं तर अक्षरं इंग्रजीतच सांगायची, आणि इथं खरी गंमत कळते, कारण ए, ई आणि आय या तीन अक्षरांत निम्मा वर्ग गोंधळतो. आपल्या 'ए' आणि 'ई'चे उच्चार त्या अक्षरांच्या नावांवर चढलेले असतात. खेळाआधी ही तीन अक्षरं पाच वेळा घोकून घ्या.

पहिला नंबर वेगावर देऊ नका. एका चुकीला एक गुण वजा केला की धावणारे आपोआप नीट वाचायला थांबतात. मार्चनंतर शाळा सकाळची झाली की हा खेळ पहिल्या तासालाच घ्या. नऊनंतर व्हरांड्याची फरशी अनवाणी पायांना भाजते.

आठवडी बाजार

बाजाराचा वार लेकरांना पाठ असतो, म्हणून आदल्या दिवशी हा खेळ रंगतो. अर्धा वर्ग विक्रेते, अर्धा गिऱ्हाईक. विक्रेत्यानं कागदाच्या चिठ्ठ्यांवर तीन वस्तूंची चित्रं काढून किलोचा भाव लिहायचा. गिऱ्हाइकाजवळ शंभर रुपये, म्हणजे दहा-दहाच्या दहा चिठ्ठ्या. सहा मिनिटांत तीन वस्तू घ्यायच्या, मग भूमिका बदलायच्या. रुमाल, पट्टी, कंपास अशा खऱ्या वस्तू मांडल्या तर भांडणं होतात, चित्रंच बरी.

वाक्यं अशी : 'हाऊ मच इज धिस?' 'ट्वेंटी रुपीज अ किलो.' 'गिव्ह मी हाफ अ किलो.' 'हिअर यू आर.' एवढ्यावर सोडलं तर एका मिनिटात खेळ मराठीत जातो आणि दर वेळी एकाच ठिकाणी जातो, घासाघीस सुरू झाल्यावर. भाव न पाडता भाजी घेणं लेकरांनी कधी पाहिलेलंच नसतं. तेव्हा त्यांना घासाघिशीचं इंग्रजी द्या : 'टू मच! गिव्ह इट फॉर टेन.' 'नो, फिफ्टीन.' 'ओके, ट्वेल्व्ह. लास्ट प्राइस.' ही तीन वाक्यं फळ्यावर आली की खेळाला जीव येतो.

हे सगळ्याच खेळांना लागू आहे. लेकरू मराठीत गेलं की रागवायच्या आधी ते नेमकं काय म्हणालं ते ऐका आणि वहीच्या कोपऱ्यात टिपा. 'सर, ह्यानं माझे चिंचोके घेतले' हे चार जोड्यांकडून ऐकू आलं, तर उद्याच्या फळ्यावर 'ही टुक माय सीड्स' हवं. दंड लावला, मराठी बोलणाऱ्याला उभं केलं, तर लेकरं मराठी सोडत नाहीत, बोलणंच सोडतात.

चुका सुधारायचं तंत्रही तेच. खेळ चालू असताना मधे थांबवू नका. 'ही गो मार्केट' ऐकू आलं तर सहज होकार देत बरोबर वाक्य परत म्हणा : 'येस, ही गोज टू द मार्केट.' फिरताना तीन सामाईक चुका टिपा आणि शेवटच्या तीन मिनिटांत कुणाचं नाव न घेता फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. तीनच. सात-आठ लिहिल्या की एकही लक्षात राहत नाही. यात एक चूक आपल्याकडे हटकून सापडते : टेबल 'ते' म्हणून 'इट', पण खुर्ची 'ती' म्हणून 'शी'. मराठीचं लिंग तिथं इंग्रजीत शिरतं. त्यासाठी वर्गातल्या वस्तूंकडे आणि माणसांकडे आळीपाळीनं बोट दाखवत 'ही, शी, इट' म्हणायचा दोन मिनिटांचा वेगाचा खेळ रोज तासाच्या सुरुवातीला घ्या.

जोडवर्ग आणि मधेच आलेली लेकरं

पहिली ते चौथी एकाच खोलीत बसत असतील तर खेळ एकच ठेवून वाक्य वेगळं करा. एकी-बेकीत पहिली-दुसरीनं नुसतं मोजायचं, तिसरीनं 'यू हॅव' म्हणायचं, चौथीनं 'हाऊ मेनी डू यू हॅव नाऊ?' विचारायचं. मोठ्याला लहानाबरोबर बसवायचं असेल तर आठवड्यातून एकदाच; रोज तसं केलं की मोठा शिकवण्यातच अडकतो आणि त्याचं पुढं सरकणं थांबतं.

बीड, जालना, परभणीकडच्या बऱ्याच शाळांत दिवाळीनंतर पट निम्म्यावर येतो. आई-वडील ऊसतोडीला जातात, लेकरं त्यांच्याबरोबर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नवीन खेळांचा धडाका लावला तर परतलेल्या लेकराला वर्ग परका वाटतो. म्हणून वर्षभरात पाच-सहाच खेळ पक्के करा आणि त्यांच्यातली वाक्यं बदलत राहा. परतलेल्या लेकराला नियम आठवत असतात, फक्त वाक्य नवं असतं.

पहिले दोन दिवस त्याला बोलायची सक्ती करू नका. चिमणी-उडमध्ये नुसतं बोट उचललं तरी चालेल. ऐकून समजतंय का एवढं बघा. तिसऱ्या दिवशी त्याला खेळवणारा करा आणि फडावर, बैलगाडीच्या वाटेवर पाहिलेल्या पाखरांची, जनावरांची नावं घेऊ द्या. बगळ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे वर्गात कुणालाच माहीत नसेल. 'एग्रेट' हा शब्द फळ्यावर लिहा, आणि तो त्यानं आणलाय म्हणून खाली त्याचं नाव घाला.